पाणी निवळेपर्यंत

नाही हो दादा, बूट काढत बसू नका, असेच या आत — फरशी मी पुसणारच आहे, तुम्ही आलात म्हणून नाही, एरवीही दिवसातून दोनदा पुसते, हाताला चाळाच आहे तो. मुलीने पाठवलं ना तुम्हाला? तेच म्हटलं. मला विचारलं-सवरलं काही नाही, सकाळी नुसता फोन — आई, माशांच्या दुकानातला माणूस येईल, त्याला टाकी बघू दे, तू मध्ये मध्ये करू नकोस. म्हणजे माझ्याच घरात मी मध्ये मध्ये करते, ऐका. ही बघा टाकी. तुमच्याच दुकानातली, ओळखलीत का? आणली तेव्हा काच आहे की नाही कळत नव्हतं, आणि आता हे असं, पांढरं-पांढरं, बादलीत कपडे पहिल्यांदा बुचकळल्यावर जसं होतं ना, तस्सं. दिसतंय का काही? ते केशरी हललं ना, तो एक मासा. दुसरा त्या प्लॅस्टिकच्या झाडामागे दडलेला असेल. बाकीचे — बाकीचे गेले. हो, सगळे. असं बघू नका माझ्याकडे, तुमच्या दुकानातही मरत असतीलच की.

आणि हे आमचे. नमस्कार केलात, बरं केलंत, पण उत्तरासाठी थांबू नका, ताटकळाल. झटका येऊन गेला, तेव्हापासून असंच. खुर्चीत बसवलं की बसतात, भरवलं की गिळतात, आडवं केलं की डोळे मिटतात — म्हणजे बहुतेक मिटतात. बस चालवायचे हो ते. शहराची बस, नोकरी लागली तेव्हापासून रिटायर होईपर्यंत. तीन आरसे पुढ्यात असायचे आणि तिन्हींमध्ये एकाच वेळी बघायचे. मागच्या सीटवर कोण भांडतंय, कुठली म्हातारी अजून पायरीवर आहे, डावीकडून कुठला सायकलवाला घुसणार आहे, सगळं. घरात सुद्धा तेच — मी मागे उभी राहून तोंड वाकडं केलं तर पाठमोरे म्हणायचे, दिसतंय बरं का. आता व्यायाम घ्यायला एक बाई येते, ती म्हणाली, यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी हलतं ठेवा, नजर फिरायला लागली तर पुढचं पुढे बघता येईल. टीव्ही लावून झाला होता, त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मुलीने ही टाकी आणली. आणि बरोबर अट आणली. एक जागा आहे म्हणे, अशा माणसांना ठेवतात, पाळीपाळीने माणसं असतात बघायला, बाग आहे — बागेचं काय करणार हे, सांगा. ती म्हणते, आई, तुझी कंबर गेली, तुझी झोप गेली, तू आधी जाशील अशाने. मी म्हटलं, थांब. पाणी निवळू दे. पाणी निवळलं आणि बाबांनी माशांकडे बघितलं तर ते इथेच राहतील, मरेपर्यंत, हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि नाही बघितलं तर तू ने. असं ठरलंय आमचं, दोघींचं. म्हणून तिला एवढी घाई पाण्याची, कळलं?

बसा ना. नाही बसणार? बरं, बघा, उघडा झाकण. चहा टाकते. स्वयंपाकघरातून ऐकू येतं मला सगळं, तुम्ही बोला — काय म्हणालात? पाणी किती दिवसांनी बदलते? रोज. रोज म्हणजे रोज, सगळं. दगडगोटे काढते, उकळत्या पाण्यात टाकते, झाड साबणाने घासते, आणि तो स्पंज आहे ना पाणी गाळायच्या मशीनमधला, तो तर आधी गरम पाण्यात भिजत घालते, मग पिळून काढते, पार पांढरा होईपर्यंत. का म्हणजे? घाण असते म्हणून. दादा, मी हॉस्पिटलच्या धुलाईत आयुष्य काढलंय. काय काय यायचं त्या चादरींवर, तुम्हाला चहाच्या वेळी सांगत नाही. आणि संध्याकाळी जायच्या त्या अशा की डोळे दिपावेत. आमच्याकडे एकच कायदा — जे गढूळ ते उकळायचं, पुन्हा गढूळ दिसलं पुन्हा उकळायचं, कधीतरी हार मानतंच ते. साखर किती? बरं.

घ्या. हं, बोला. हो. हो, स्पंजात राहतात ते जंतू, डोळ्यांना न दिसणारे, तेच पाणी निवळवतात, त्यांना जम बसवायला वेळ लागतो, साबण लावला की मरतात, उकळलं की मरतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात — माहितीये. नवीन टाकी आधी पांढरी होतेच, तशीच राहू द्यायची, हात लावायचा नाही, खायला कमी घालायचं आणि गप्प बसायचं. माहितीये हो, तुमच्या दुकानात त्या गल्ल्यावरच्या बाई आहेत ना, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. चांगलं समजावून सांगितलं त्यांनी. मग ऐकलं का नाही? ऐकलं की. मी काय हट्टी आहे का? ऐकलं म्हणून तर निवळलं होतं त्या वेळी, आणि —

काय म्हणाले मी? नाही, तसं नाही. थोडं, म्हणजे जरासं कमी पांढरं झालं होतं असं म्हणायचं होतं मला. चहा गार होतोय तुमचा.

कमी म्हणजे किती, असं काय विचारता. तुम्ही पोलीस आहात का? निवळलं होतं. घ्या. झालं समाधान? मी हात बांधून बसले होते दादा, मला काय यातना झाल्या असतील, धुलाईतल्या बाईला घाण पाणी नुसतं बघत बसायचं, पण बसले. आणि एका सकाळी उठून बघते तर काच आहे की नाही कळत नाही, पुन्हा तसंच. खालचा एकेक खडा दिसतोय. मासे तेव्हा सगळे होते, नुसती पळापळ चाललेली त्यांची. मी यांना उठवलं, तोंड धुतलं, केस विंचरले, चष्मा पुसला, तो चांगला शर्ट घातला — हसू नका, घातला, मला वाटलं आजचा दिवस आहे. खुर्ची आणली टाकीपुढे. म्हटलं, अहो, बघा. मासे अगदी काचेला तोंड लावून उभे, यांच्या नाकासमोर. म्हटलं, अहो, तो बघा, तो लबाड, दुसऱ्याचं खातोय. काचेवर बोट फिरवलं, बोटामागे मासा फिरला, हे नाही. मग मला वाटलं, मासे लहान आहेत, दिसत नसतील, नाही का? म्हणून मी टाकीच्या मागे गेले. इथे, भिंत आणि स्टूल यांच्या मधे, कंबर मोडून वाकले, आणि पाण्यातून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सरळ मी दिसत असणार. हात हलवले. तोंड वाकडं केलं, पूर्वी मी यांच्या पाठीमागे करायचे तसं. किती वेळ तशी राहिले मला ठाऊक नाही, कंबर कधीची बोंबलत होती. त्यांचे डोळे उघडे होते दादा, आणि ते माझ्यावर नव्हते, आणि माशांवरही नव्हते. कुठेच नव्हते. तेव्हा मला कळलं. त्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं, मुलीने सांगितलेलं, सगळं कानांवरून गेलं होतं, तेव्हा कळलं.

आणि मुलगी यायची होती दुपारी. मग काय करणार होते मी? बादली घेतली. सगळं उपसलं, दगड उकळले, स्पंज उकळला, नळाचं पाणी धडाधडा ओतलं. ती आली तोवर पांढरं नव्हतं झालं अजून, पण निम्मी टाकी रिकामी, फरशीवर पाणी, मी म्हटलं, साफ करायला काढलीये. दोन-चार दिवसांत आलंच ते पांढरट, देवासारखं धावून आलं म्हणा. तेव्हापासून रोज. ती विचारते, निवळलं का गं? मी म्हणते, नाही बाई, काय करावं तरी काय या पाण्याला. ती म्हणते, बाबा बघतात का? मी म्हणते, अगं दिसायला तर हवं ना त्यांना. यात खोटं काय आहे? एक शब्द खोटा नाही. मासे मरतात तेव्हा वाईट वाटतं, अगदी वाटत नाही असं नाही, कागदात गुंडाळून ठेवते त्यांना, कुठे टाकायचं तेही कळत नाही. पण तुम्ही मला सांगा, यांना तिकडे नेल्यावर संध्याकाळी मी या खोलीत कुणाशी बोलायचं? ऐकत नाहीत ते, मला काय कळत नाही का? पण असतात ना. आज भाजी महाग होती, खालच्या मजल्यावरची पुन्हा भांडली, असं बोलत असते मी, आणि समोर माणूस असतो. तेवढंच हवंय मला. लोक नुसतं समोर असावं म्हणून टाकी घेतात, फुलदाणी घेतात, मी काय फार मागते?

तुमची बाही का ओली झालीये? काय घातलंत आत? मी चहा टाकत होते तेव्हा? कसला स्पंज? जुना, तुमच्या दुकानातल्या टाकीतला, म्हणजे ते न दिसणारे आयते आणलेत तुम्ही, भरून. मग? उद्यापर्यंत? उद्या सकाळपर्यंत निवळेल? आणि हे तिला माहितीये. तिनेच सांगितलं होय तुम्हाला असं करायला. आणि उद्या येणार आहे ती, हेही सांगितलं असेल. मला नाही सांगितलं, तुम्हाला सांगितलं.

काढा तो. दादा, काढा तो बाहेर, मी तुमच्या पाया पडते. नाही? तुम्ही गेल्यावर मी काढीनच की, बादली काय तुम्ही बरोबर नेणार आहात? — कोण, हे दोघे मासे? आज पुन्हा उकळाउकळी केली तर हेही जातील म्हणता. बघू. हो, दिसतोय, तोंड वर करून श्वास घेतोय तो. असाच करत होता पहिला मेला तो.

राहू दे. नका काढू. मला आता उचलवतही नाही ती बादली, खरं सांगायचं तर. राहू दे. तुम्ही एक करा, जाता जाता जरा हात लावा या खुर्चीला, माझ्या एकटीने वळत नाही, चाक अडकतं. इकडून धरा. नाही, त्या बाजूला नाही, भिंतीकडे तोंड येऊ द्या. अजून. पाठ पूर्ण टाकीकडे हवी. हां, असं. आता उद्या येऊ दे तिला, पाणी काचेसारखं असू दे. आरशांत बघून बस चालवलेला माणूस पाठ करून बसला, तर तो बघत नाही असं कोण म्हणेल?

नाही, काही नको. पैसे तिनेच दिलेत ना? मग निघा तुम्ही. कप राहू दे तिथेच, मी उचलते. आणि दार जोरात लावू नका — नाही, लावा जोरात, त्यांना काय.