बाबा नावाचा एज केस

…आणि वर मलाच विचारतात, 'एवढं मनाला काय लावून घेतोस?' अहो, मनाला नाही लावायचं तर काय भिंतीला लावायचं? तुम्हाला सांगतो, एवढ्या मोठ्या बँकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं, आपण लोकांचे हेलपाटे वाचवू. दिलं काय? एकाच माणसाच्या चुकून दोन नोंदी झाल्या असतील तर त्या शोधून एक करणारा प्रोग्रॅम. आडनाव तेच, नावाचं पहिलं अक्षर तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच… चला, माणूसही तोच! मी पहिल्याच मीटिंगमध्ये हात वर केला. म्हटलं, साहेब, जुळे भाऊ एकाच घरात राहत असतील तर? साहेबांनी कप खाली ठेवला, तान्ह्या बाळाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तो एज केस आहे रे."

एज केस! म्हणजे लाखात एखाद्याचं वाटोळं होणार, ते होऊ दे, आपण जेवायला जाऊ.

आता माझे बाबा आणि काका जुळे. एकाच घरात, वर बाबा, खाली काका. काका गेले. काकूने बिचारीने बँकेत वेळेवर कळवलं, आणि प्रोग्रॅमने… माझ्याच प्रोग्रॅमने… दोघांना आधीच एक करून ठेवलेलं. एक गेला की दोघे गेले! बाबांचं खातं बंद, पेन्शन बंद, आणि बाबांच्याच मोबाइलवर मेसेज, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' बाबांनी तो भिंग लावून मला वाचून दाखवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलेलं. म्हटलं, मी भरतो पैसे. तर म्हणाले, "मी मेलेलो नाही. माझे असताना तुझे कशाला?"

गेलो साहेबांकडे. मयताला जिवंत करायचं बटण कुठाय? नाहीच. कुणी मागितलंच नव्हतं, परत कोण येतंय? एज केस. तक्रार नोंदवली, ती फिरत फिरत कुणाच्या टेबलावर आली? माझ्याच! दुरुस्ती लिहिली, तर मंजुरीवाले म्हणे, ग्राहकाची सही हवी, पण ग्राहक मयत, मयताची सही कशी चालेल? मग बाबा स्वतः जाऊन उभे राहिले. काउंटरवरच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही कशाला आलात? वारसाला पाठवा ना." वारस कोण? मी! आणि सोबत काय आणायचं? बाबांच्या मृत्यूचा दाखला… बाबा घरी येऊन म्हणतात, "काकाचा चालेल का रे? आम्ही एकच आहोत ना तुमच्याकडे."

आणि कळस ऐका. वार्षिक समारंभात बक्षीस कुणाला? त्याच प्रोग्रॅमला! घरच्यांनाही आमंत्रण. आई, बाबा, मी पहिल्या रांगेत. साहेबांनी भल्यामोठ्या पडद्यावर आलेख लावला, सगळा हिरवागार, कोपऱ्यात एक लाल ठिपका. माइकवर म्हणतात, "अख्ख्या बँकेत चूक फक्त एक. तीही एज केस." सभागृह हसतंय, टाळ्या वाजवतंय… आणि सगळ्यात जोरात कोण वाजवतंय? बाबा. ऑपरेशन कुठे झालंय, पडदा दिसणार कसा? मला कोपराने ढोसून विचारतात, "काय दाखवतायत रे?"

काय सांगणार? म्हटलं, "तुम्हालाच दाखवतायत, बाबा."

तर बाबांनी कॉलर नीट केली, उभे राहिले आणि भलत्याच दिशेला बघून सगळ्यांना हात केला. काय करता… मीही टाळ्या वाजवल्या.