बूट काढू नका

नाही नाही नाही, बूट काढू नका! घाला परत, घाला. अहो, सार्वजनिक वाट आहे ही — म्हणजे स्वयंपाकघर माझंच आहे, हा ओटाही माझा, पण वाट सार्वजनिक, सरकारी जंगलातली, टेकडीवर जाणारी, आणि सार्वजनिक वाटेवर कुणी बूट काढतं का? बरोबर आलात तुम्ही, अगदी बरोबर. बाण इकडेच दाखवतोय ना? मग झालं तर. या दारानं आत, मधल्या खोलीतून सरळ, पलीकडच्या दारानं बाहेर, की लागलीच चढण. असे बघताय काय? माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं ते नेमकं वाटेवर. त्यांना वाटलं, पायवाटच ती, घर दिसल्यावर आपली आपण बाजूनं जाईल. जाते कुठली! जंगल खात्याचे साहेब आले, टेप लावून मोजलं, म्हणाले, घर तुमचं, वाट सगळ्यांची, दोन्ही दारं उजाडल्यापासून मावळेपर्यंत उघडी ठेवायची. ठेवली. मी नवी नवरी, चहा गाळतेय, आणि पाठीमागून अख्खी शाळेची सहल चाललीये गाणी म्हणत. सायकलवाले तर या टेबलाखालून वाकून जायचे. खात्यानं फ्रिजवर पिवळा बाण रंगवून दिला होता — फ्रिजचं दार उघडं राहिलं की बाण न्हाणीघराकडे. काय काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

हळू बोला जरा, आत हे बसलेत. आमचे हे कवायतीचे मास्तर, रिटायर झाले, पण घसा काही रिटायर झाला नाही. सुट्टीच्या दिवशी दाढी करून, खुर्ची मधल्या खोलीत मांडून बसायचे, आणि आला माणूस की सुरू — चिखल! फरशी! पाठ सरळ ठेव, पोत्यासारखा चालतोस काय! एकाचा इथंच उंबऱ्यावर पाय मुरगळला, आठवडाभर आमच्याकडे पडून होता, आठवडाभर हे त्याला ओरडत होते, आणि निघताना दोघंही ढसाढसा रडले. पण हट्ट एकच — वाट हलवा. एक साहेब बदलून गेला की दुसऱ्याला धरायचे. हलवा म्हणजे हलवा. तर शेवटी — शेवटी काय, काही नाही. पाणी देऊ? त्या नव्या वाटेला काही अर्थ नाही हो, ना सावली ना काही — कसली नवी वाट? मी नवी म्हटलं? छे. … बरं, म्हटलं. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका.

झाली नवी वाट. घराला वळसा घालून, कठडेबिठडे लावून, बसायला बाकं. ह्यांच्याच हस्ते फीत कापली. हसत घरी आले, दोन्ही दारं लावली, कडी घातली, म्हणाले, आता कसं शांत शांत वाटतंय. आणि बसले. बसले ते बसलेच! चहा दिला — हं. मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही — हं. लेकीचा फोन आला तरी हं. मी हात दिल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत आता. डॉक्टरांकडे नेलं तर ब्लड प्रेशर नॉर्मल. ह्यांचं! जन्मात कधी नॉर्मल नव्हतं ते. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन! भीती वाटते हो मला, खरंच सांगते. म्हणून आज उजाडताच शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, तिठ्यावर गेले आणि फिरवला बाण. गुन्हा असेल तर असू दे, खात्याला मी बघून घेईन. पण माणसं तरी कसली यावीत! तुमच्याआधी एक जोडपं आलं. इतकं सभ्य, इतकं सभ्य की विचारू नका — बूट हातात घेऊन चवड्यांवर चालत, ‘माफ करा हं काका, चुकून आलो.’ आणि हे म्हणाले, हरकत नाही, बसा. बसा! ज्या माणसानं साक्षात शिक्षणाधिकाऱ्याला बसा म्हटलं नव्हतं! मी इथं ओट्याला धरून रडले.

तेव्हा कृपा करा, बूट घाला. घातले? चिखल फारच कमी आहे हो, थांबा, कुंडीतला लावते जरा. पाय वर करा. दुसरा. आता सतरंजीच्या मधोमध चालायचं, काठी आपटत. माफी मागायची नाही, नमस्कार तर अजिबात नाही. काही बोललेच तर म्हणायचं, सार्वजनिक वाट आहे, तुमच्या बापाची नाही. बाप म्हणजे माझे सासरे, पण त्यांचं वाईट नका वाटून घेऊ, ते गेले बिचारे. आणि तोंड असं पडलेलं नको, जरा उर्मट करा. अजून. शी, तुमच्या आईनं फारच चांगलं वळण लावलंय तुम्हाला. असू दे, निघा.

आपटा, काठी आपटा! … काहीच नाही ना बोलत? परत फिरा, आणखी एक चक्कर मारा. तिकडे कडेनं काय चाललाय चोरासारखे, सतरंजीवर! सतरंजीवर घासा पाय! … थांबा. खुर्ची करकरली. ऐकलंत? — ‘कोण रे तो गाढव? फरशी दिसत नाही का?’ — फरशी! अहो, फरशी म्हणाले! उलट बोला ना, गप्प काय उभे राहिलात — आणि हे बघा, उठले! आपले आपण उठले, माझ्या हाताशिवाय! पळा आता, पळा, पलीकडच्या दारानं, टेकडीकडे — आणि जरा हळू पळा हो, त्यांचा गुडघा दुखतो.