विमा आईचा, दाढ बाबांची

सक्करदऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा गाल सुजला होता.

"दाढ माही दुखून राहिली, अन् विम्याच्या कार्डावर तुहं नाव काहून आहे वं?"

"आपल्या प्रीतमच्या कंपनीत आईबापापैकी एकाचंच नाव बसत होतं."

"मंग माहं टाकाचं ना!"

"त्यानं फोन केला होता तुमाले. तुमी म्हणले, माहे बत्तीसचे बत्तीस पक्के आहेत, अजून दातानं ऊस सोलतो. आईचं नाव टाक."

"तुह्या काळजीनं म्हणलो."

"काळजीनं? माह्या तोंडात एक तरी दात राहिला का? दोन वर्षं झाले कवळी लावून."

"म्हणूनच तं! मले वाटलं, दातांचा विमा ज्याले दात नाही त्याच्यासाठीच असते."

"घ्या आता. रूट कॅनल माह्या नावानं, अन् दाढ तुमच्या तोंडात."

"हळू बोल. ते पोरगी आयकून राहिली."

"कौशल्याबाई मेश्राम कोण?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"मी. पण दाढ ह्यायची दुखते."

"आजी, कार्ड ज्यांचं आहे, खुर्चीत त्यांनाच बसावं लागेल."

"आयकलं? चाल आता घरी."

"घरी काहून? दोन तासांनी नंबर लागला. तुमी इथंच बसून कण्हा. मी आत जाऊन डाक्टरले सांगतो, कुठं दुखून राहिलं."