टकरीनंतरचा पडसाद

लेक : अरे, बस ना जरा. दवाखान्याची फरशी झिजवशील.

जावई : मग एवढंच सांग, आत जाऊन सरांना सांगू की नको? आत्ता ऑपरेशनला नेतील.

लेक : तुझं तू ठरव.

जावई : अगं, वडील आहेत ते तुझे!

लेक : आणि तुझे सर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून ‘बाबा’ म्हणायला जीभ वळत नाही.

जावई : विषय बदलू नकोस. अवकाशात दोन अवजड गोळ्यांची टक्कर झाली, गुरुत्वलहर आली, घंटेसारखी घुमून विरली. कृष्णविवर असतं तर पुढे चिडीचूप. आत गेलं ते गेलं. पण इथे मागून बारीक पडसाद आलाय! म्हणजे लाट आपटून परत फिरावी असं आत काहीतरी आहे. विवर नाहीच ते. सर जन्मभर हेच सांगत आले आणि लोक तोंडावर हसले.

लेक : मला सांगतोस? ते हसू घरी आणून बाबा न जेवता झोपायचे.

जावई : म्हणूनच विचारतोय. पडसाद खरा आहे का?

लेक : मला काय विचारतोस?

जावई : तुलाच विचारणार! बाकीचे संशोधक जागे आहेत का हे बघायला, लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदींत गुपचूप खोटी लाट पेरायची मुभा फक्त चौघांना. त्यांतली एक तू.

लेक : आणि शपथ घेतलीय. सगळ्यांसमोर जाहीर होईपर्यंत ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही.

जावई : नवऱ्यालासुद्धा?

लेक : त्याला तर नाहीच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

जावई : चेष्टा सुचतेय! अगं, ते परत बाहेर येतील न येतील...

लेक : असं बोलू नकोस.

जावई : एक वाक्य कानावर घालू दे. ‘सर, तुमचं खरं ठरलं.’ बस.

लेक : आणि बाहेर आल्यावर काय सांगशील?

जावई : म्हणजे... खोटा आहे?

लेक : मी असं म्हटलं नाही.

जावई : मग खरा?

लेक : तसंही म्हटलं नाही.

जावई : आठवडाभर हाका मारतोय, तुझ्यातून काही म्हणून परत येत नाही. विवरच आहेस तू!

सर : (अर्धवट उघड्या दाराआडून) कोण रे तो? माझ्या लेकीला विवर म्हणतो?

जावई : सर! ऐकत होतात?

सर : भूल अजून दिलेली नाही, जावईबापू. या आत. पडसाद आलाय म्हणे?

जावई : आलाय सर. तुम्ही सांगायचात अगदी तसा.

सर : आणि ही काय म्हणते?

जावई : मिठाची गुळणी धरून बसलीय.

सर : बाळ, इकडे बघ. ...हं. चांगली बातमी तुला या जन्मात कधी लपवता आली नाही.

लेक : बाबा, मी काहीही बोललेले नाही.

सर : बोलूही नकोस. शपथ पाळ. मी आपलं यांना विचारतो. केवढा होता हो?

जावई : एवढासा. गोंगाटात बुडालेला. आधी कुणालाच दिसला नाही.

सर : तरी सापडला?

जावई : मला सापडला. पण सर, पेरलेलाच असेल तर...

सर : असू दे की! एवढासा पेरलेला सापडतो, तर खरा आल्यावर सुटायचा नाही. हसणाऱ्यांचं मला कधीच काही वाटलं नाही हो. भीती एकच होती, तो येऊन जाईल आणि ऐकायला कुणी जागं नसेल.

लेक : बाबा... स्ट्रेचर आलंय.

सर : आलं? चला. जावईबापू, हा चष्मा ठेवा. परत आलो की लागेल.

जावई : ठेवतो, बाबा.