भूल देण्याआधी खरं सांगा

थोरल्या नातीचा साखरपुडा झाला, त्याच वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी व्रजलाल भावनगरच्या दवाखान्यात भूल देण्याआधीच्या प्रश्नांचा आपला कागद भरून देऊन बसले होते. आता सिस्टरसमोर पुढचे पेशंट जीवणभाई होते, सोबत त्यांची बायको.

“काका, दारू घेता?”

“शिव शिव! गुजरातेत दारूबंदी आहे, बेन.”

“भूल किती द्यायची ते त्यावर ठरतं. खोटं बोललात तर धोका तुम्हालाच.”

“हा कागद पोलिसांकडे जातो का?”

“फक्त डॉक्टरांकडे.”

“मग लिहा, दीवला गेलो की एखादा पेग.”

“आणि गच्चीवरच्या टाकीमागे रोज संध्याकाळी?” बायको म्हणाली.

“तुला ठाऊक होतं?”

“बावीस वर्षं! लिहा बेन, रोज. मला हा माणूस शुद्धीवर येऊन परत हवाय.”

व्रजलाल घाईघाईने उठले.

“बेन, माझा कागद जरा परत द्या ना.”