तलावापलीकडचा टॉवर आणि बोरकुटे सर

नमस्कार.

मंदाकाकू, ऑफिसमधले सगळे, आणि खापरखेड्याचे सगळे काका-काकू. मागे उभे आहेत त्यांनी प्लीज पुढे या, खुर्च्या आहेत. बोरकुटे सरांसाठी इतके लोक आले, बरं वाटलं.

मला जमेल की नाही माहीत नाही. मी इंग्लिश मीडियमची. शब्द चुकला तर सांभाळून घ्या. सर असते तर म्हणाले असते, "बोल वं, इथं कोण तुले मार्क देऊन राहिलं?"

मी श्रुती. सरांच्या टीममधली सगळ्यात नवीन इंजिनिअर. टॉवर उभा झाला की आमचं काम सुरू होतं. कुठे कॉल कटतो, काहून कटतो, ते शोधायचं आणि नीट करायचं.

एक खरं सांगू? काकू, तुम्ही रागावू नका. मला रडू येतंय. पण त्याच्याहून जास्त हलकं वाटतंय. सुटल्यासारखं. काहून, ते सांगते.

सर नागपूरला दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता फार दिवस नाहीत. आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच झालेलं. घरातल्या घरात वॉकर घेऊन चालायच्या. खापरखेड्याहून नागपूरला येणार कशा? मग राहिलं काय? फोन.

आणि फोनचं काय होतं? इथल्या सगळ्यांना माहीत आहे. फोनवर सिग्नलच्या दांड्या फुल. आवाज गायब. काकू म्हणायच्या, "अहो, जेव... का? अहो, डॉक... म्हणाले?" आणि कट.

ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याचं नेटवर्क लावलं, त्याला स्वतःच्या बायकोचा आवाज ऐकू येत नव्हता.

मी म्हटलं, सर, घरी वायफाय लावून देते, त्याच्यावरून बोला. तर चिडले. "आन् शेजारच्याईनं काय करावं? त्याईच्या घरी पण लावून देशील का?"

मग आम्ही काय केलं? आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच. काकूंच्या कॉलनीच्या आसपासच्या सगळ्या टॉवरची पॉवर वाढवली. तक्रार आली की पॉवर वाढवा. दांड्या अजून मस्त दिसायला लागल्या. आवाज अजून खराब झाला.

मी दवाखान्यात गेली, सरांना सांगितलं. ते पडल्या पडल्या हसले. म्हणाले, "फोन लाव काकूले." लावला. आणि सुरू झालं स्पीकरवर यांचं टेस्टिंग!

"मंदा, समोरच्या दारात उभी राय." आवाज तुटक. "आता स्वयंपाकघरात जा." थोडा बरा. "आता मागं जा, भिंतीच्या आड." आवाज एकदम साफ! आणि साफ आवाजात पहिलं वाक्य काय ऐकू आलं माहीत आहे? "मी काय तुमचा टॉवर आहो का? इकडं जा, तिकडं जा! माह्या गुडघ्याची काही काळजी?"

अख्खा वॉर्ड हसला. सिस्टर पण हसली.

सरांनी विचारलं, "मंदा, दांड्या किती दिसून राहिल्या?" काकू म्हणाल्या, "कमी झाल्या." सर माझ्याकडे वळले. "समजलं का वं? दांड्या कमी, आवाज साफ. म्हणजे सिग्नल कमी नाही. सिग्नल जास्तीचा आहे. समोरच्या दारातून कोणीतरी दुसरा घुसून राहिला."

समोर काय आहे? राखड तलाव, वीज केंद्राची राख पाण्यातून सोडतात तो. आणि त्याच्या पलीकडे आमचाच एक टॉवर.

कॉलनीतल्या लोकांसाठी सोपं करून सांगते, सरांनी मला सांगितलं तसंच. प्रत्येक टॉवर सतत एक ओळखीचा सिग्नल पाठवत राहतो. फोन तो ऐकून ठरवतो, या टॉवरचं बोलणं कसं समजून घ्यायचं. तो सिग्नल कुठे बसणार, हे टॉवरला दिलेल्या नंबरवरून ठरतं. नंबरला तीननं भागा, बाकी उरते ती त्याची जागा. दोन टॉवरची बाकी सारखी आली, की दोघांचे सिग्नल एकमेकांवर पडतात. सर म्हणाले, "एका चौकात दोन वराती, दोन्ही बँडवाले एकाच ठोक्यावर वाजवून राहिले. नवरदेवाच्या घोड्यानं कोणाचं ऐकावं? तुम्ही म्हणता, जोरात वाजवा. अरे, एकाचा ठोका सरकवा ना!"

या दोन टॉवरची बाकी सारखीच होती. नंबर देताना आमच्या सॉफ्टवेअरनं पलीकडचा टॉवर लांब आहे म्हणून सोडून दिला होता. नकाशावर लांबच आहे. पण मधात नुसतं पाणी. ना झाड, ना घर. सिग्नल घसरत घसरत थेट काकूंच्या दारात.

मग ऑफिसची परवानगी घेतली, दुपारी पलीकडचा टॉवर थोडा वेळ बंद ठेवला, त्याचा नंबर बदलला. मी धावतच सरांना फोन केला, सर झालं! तर म्हणतात कसे, "आजूबाजूच्या टॉवरले नवा नंबर कळवला का? नाही तर चालत्या गाडीत कॉल कटतीन. आन् वाढवलेली पॉवर खाली घे." शाबासकी? नाही! आधी काम.

त्या संध्याकाळी मी वॉर्डातच होती. काकू घरी, समोरच्या खोलीत, खुर्चीवर बसून बोलत होत्या. सर विचारत होते, मोटर बंद केली का, वांग्यात शेंगदाण्याचं कूट टाकलं का. काकू सांगत होत्या, कोणाच्या पोरीचं जमलं. बस. असंच. मी बाहेर जाऊन उभी राहिली. खिडकीतून दिसत होतं, सर बोलत कमी होते. डोळे मिटून नुसतं ऐकत होते.

मग रोज संध्याकाळी फोन. शेवटपर्यंत. एकदाही कट झाला नाही.

सर गेले त्या दिवशी मी काकूंकडे आली. त्यांना धीर द्यायला. उलट काकूंनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "नको रडू वं पोरी. आमचं सगळं बोलून झालं. जे कधीच नव्हतं बोललो, ते पण बोलून झालं. त्याईनं माही माफी पण मागितली, मी पण मागितली. काही राहिलं नाही."

काही राहिलं नाही. मित्रांनो, असं किती लोकांना म्हणता येतं?

म्हणून मला हलकं वाटतंय. सरांचं दुखणं संपलं म्हणून तर वाटतंयच. पण त्याच्याहून जास्त, आपण वेळेत पोचलो म्हणून. थोडा उशीर झाला असता, तर आज मी इथे उभीच राहू शकली नसती.

सर, तुम्हाला नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कोणीच काही बोलू नये, मनातल्या मनात पण नको. एवढा वेळ लाइन फक्त काकू आणि सरांसाठी मोकळी ठेवू.