नाव आहे हो मला!

...आणि दवाखान्यातली ती खिडकीतली बाई वर मलाच विचारते, "आजोबा, ऐकायला कमी येतं का?" आता तुम्हीच सांगा, डोळे दाखवायला आलेल्या माणसाच्या कानांची चौकशी कशाला? मी शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या गणवेशांच्या खिशावर नावं भरत आलो, एक वेलांटी चुकली नाही कधी! आणि आता महिना झाला, सुईत दोरा जात नाही. सुई सुटली तर मी करू काय दिवसभर? डॉक्टर येतात फक्त गुरुवारी, म्हणून सकाळी आठपासून त्या बाकावर...

तर ती बाई एक नाव पुकारते. एकदा. दोनदा. कोणी उठेना! तुम्हाला सांगतो, असा संताप आला! शेजारच्याला म्हटलं, "काय माणसं बघा, नंबर लावतात आणि चहाला पळतात!" तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा तर मीच ओरडलो, "बाई, खोडा त्याचं नाव! पुढचा घ्या!"

तिनं खोडलं.

बारा वाजता मी खिडकीशी. "माझा नंबर कधी?" "नाव काय?" सांगितलं. "अहो आजोबा, हे तर तुम्हीच खोडायला लावलंत! आता पुढच्या गुरुवारी या!"

नाव आहे हो मला! चांगलं आईनं ठेवलेलं! पण घेतंय कोण? आई गेली, तिच्याबरोबर तेही गेलं. दुकानात मी 'मास्तर', मुलांचा 'बाबा', गल्लीचा 'टेलरकाका'. बाही आखूड झाली, कॉलर वाकडी बसली म्हणून नावं ठेवणारे ढीगभर, नाव घेणारा एक नाही! जगाच्या खिशावर नावं, आणि माझ्या खिशावर? टाचण्या!

तणतणत घरी आलो. बायको पालेभाजी निवडत होती. म्हटलं, "आजपासून मला नावानं हाक मारायची!"

"सेहेचाळीस वर्षांनी? डॉक्टरांनी डोळेच तपासले ना? आणि तुम्ही कधी मारलीत मला? उठता-बसता 'ऐकलंस का', 'ऐकलंस का'! नाव आहे हो मलाही!"

तुम्हाला सांगतो, सगळा राग कुठल्या कुठे... खरंच की! कधीच नाही! मी आतल्या खोलीत गेलो, जरा पाणी प्यायलो, घसा साफ केला, आणि दारात उभं राहून तिला नावानं हाक मारली. हळूच. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं मानसुद्धा वर केली नाही. पानं खुडता खुडता म्हणाली, "अहो, बाहेर बघा जरा... कोणीतरी कोणाला तरी हाका मारतंय."

तिच्याशेजारी बसलो, एक जुडी ओढून घेतली. म्हटलं, "ऐकलंस का, पुढच्या गुरुवारी तूही चल दवाखान्यात. दोघं बसू बाकावर. कोणाचंही नाव पुकारलं आणि कोणीच उठलं नाही... की आपण उठायचं."